पट्टकादंबांना निघेपर्यंत निवांत चरू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खटाव तालुक्यातील येरळवाडी तलावापासून आमचे रान 20 मिनिटांच्या चालीवर आहे. माघात ज्वारीकडे जाण्याआधी मी काठावर डोकावतोच. परवा पलीकडच्या कडेला पट्टकादंब हंस बसले होते. दोनदा मोजले, 47 भरले. पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळे पट्टे, चोच पिवळी. बहुतेक जण माना पाठीवर टाकून झोपलेले, कडेचे दोघे मात्र मान ताठ करून पहाऱ्याला. पाणी ओसरलेल्या गाळावर कोवळे गवत येते, ते खातात. रात्री हरभऱ्यातही उतरतात. शेंडे खुडले जातात हे खरे, पण आमच्या घरात त्यावरून कधी कुणी कुरकुरले नाही.

हे पक्षी लडाख, तिबेट, मंगोलियात अंडी घालतात आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. यंत्र बसवून माग काढला तेव्हा काही हंस 7,000 मीटरहून उंच गेल्याचे आढळले. तिथे प्राणवायू निम्म्याहून कमी. एवढी चढण पंख मारतच चढायची, तर अंगात चरबी हवी. ती साठवण्याचे दिवस हेच. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघते, पाठोपाठ यांचीही निघायची वेळ होते.

आणि नेमक्या याच दिवसांत, गेल्या रविवारी, दोन गाड्या थेट गाळापर्यंत उतरल्या. उडतानाचा फोटो हवा म्हणून एकाने खडे भिरकावले, दुसऱ्याने ड्रोन सोडला. थवा उठायचा, घिरट्या घालून टेकायला यायचा, की पुन्हा तेच. तासाभरात चार वेळा. हात जोडून विनंती केली, तर ‘तलाव तुमचा आहे का?’ असे ऐकावे लागले. शेवटी हंस मायणीच्या दिशेने गेले. दुसऱ्या दिवशी 29 परतले. चाकोऱ्या गाळात अजून तशाच आहेत.

मायणी परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. मार्चअखेरपर्यंत तरी वन विभागाने येरळवाडीच्या गाळाकडे उतरणाऱ्या वाटेवर मोठे दगड आडवे टाकावेत आणि ड्रोन उडवू देऊ नये. दगड वाहायला आमचा ट्रॅक्टर देतो. ज्यांना हंस बघायचे आहेत त्यांनी सकाळी सातच्या सुमारास भरावावर यावे. माझ्याकडे दुर्बीण आहे, तिथूनही डोक्यावरचे पट्टे मोजता येतात.

– एक शेतकरी वाचक, ता. खटाव, जि. सातारा