डबल बेल देण्याआधी थांबलेल्या ताईंना

प्रिय ड्रायव्हरताई,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये ही पाटी मी एकतीस वर्षं डोळ्यांसमोर पाहिली आहे. तुम्हाला मराठी येत नाही, मला इंग्रजी 'थँक्यू'च्या पुढे जमत नाही. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही मराठीत लिहा, मी त्यांना वाचून दाखवीन. ती दाखवेल तेव्हा दाखवेल. मला मात्र आज लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

मी साताऱ्याचा. एस.टी.त कंडक्टर होतो, १९८३ ते २०१४. गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे, बोटांत पंच. शेवटची काही वर्षं मशीन आलं. सध्या मुलाकडे राहतोय, अमेरिकेत, तुमच्या लेक कौंटीत, इलिनॉय राज्याच्या वरच्या कोपऱ्यात. अजून थोडं वर गेलं की विस्कॉन्सिन लागतं.

घर घेताना दलालानं मुलाला एक गुळगुळीत पुस्तिका दिली होती. मुखपृष्ठावर निळंशार तळं. आत वाचनालय, झाडीतल्या पायवाटा, शाळा, तळ्याकाठची वाळू, आणि सगळं 'मिनिटांवर'. तळं वीस मिनिटांवर. खोटं नाही ते, पण मिनिटं मोटारीची. पायी निघालं तर अडीच तास, तेही पदपथ मध्येच गवतात गडप झाला नाही तर. आम्हा दोघांना इथली गाडी चालवता येत नाही. मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर. नात शाळेत. उरलो मी आणि आमची ही. समोर काय, तर शेजारच्या तीन गॅरेजांचे बंद दरवाजे.

हिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून धरलाय. साताऱ्यात त्याच गुडघ्यानं ती दोनदा भाजीला जायची, कारण वाटेत चार ओटे आणि चार ओळखीची दारं. इथे घराबाहेर टेकायला जागा नाही. सात आठवडे झाले आणि हिनं बॅग भरली. कपाटातून काढून पलंगाशेजारी उभी करून ठेवली. कुणी विचारलं तर म्हणायची, "राहू द्या, लागेल." परतीचं तिकीट तीन महिन्यांनंतरचं होतं.

मदत देऊ केलेल्यांची यादी लहान नव्हती. आपल्याच भाषेतली तीन घरं. पहिल्याच आठवड्यात जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली, निघताना तिघांचंही एकच वाक्य, "काका, कधीही सांगा!" मी खुळा, सांगितलं. एका घरी त्या दिवशी मुलाची फुटबॉलची मॅच निघाली, दुसऱ्या घरी पाहुणे. तिसऱ्यांनी फोनवर निळा अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ हो की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. एकदा मुलानं ऑफिसातून भाड्याची मोटार पाठवली. ती दारात येऊन उभी राहिली. ही काठी टेकत पायऱ्या उतरत होती, तीनच पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीवर असताना गाडी निघून गेली. वेळ संपला म्हणे. वर थांबल्याचे पैसे कापले. ही अंगणात उभीच राहिली, नवं लुगडं नेसून. मला म्हणाली, "चला आत, भाजी टाकते."

त्यानंतर दोन दिवस ती फार बोलली नाही.

मग मी ठरवलं की आपण आपल्या वाटेनं जायचं. जिथे रस्ता तिथे एस.टी. हे आमचं वाक्य, इथेही काहीतरी असेलच. नातीनं फोनवर वेळापत्रक काढून दिलं. ग्रँड ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्यावरून, आमच्या गर्नीहून तळ्याकाठच्या वॉकीगनकडे बस जाते. नातीनं डब्यातली नाणी मोजून दोन पुड्या केल्या, एक जाण्याची, एक येण्याची, कारण बसमधली भाड्याची पेटी सुट्टे परत देत नाही. सुट्टे द्या, सुट्टे द्या म्हणून मी जन्मभर लोकांच्या मागे लागलो, आता माझी पाळी.

थांबा म्हणजे गवतात रोवलेला एक खांब. शेड नाही, बाक नाही, वडापाव तर नाहीच. शेजारून सहा पदरी रस्ता घोंघावतोय आणि आम्ही दोघं, एक काठी आणि एक पिशवी. लांबून तुमची गाडी दिसली तसा मी सवयीनं हात केला, आमच्याकडे 'हात दाखवा' म्हणायचे तसा. तुम्ही गाडी अगदी काठाला लावलीत. दार उघडलं. पायरी पाहून हिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, संपलं, आता मागे ती मोटार गेली तशी ही पण जाणार.

तुम्ही एक बटण दाबलंत. गाडी फुस्स झाली आणि आमच्या बाजूला कलली. उंट पुढचे गुडघे मोडून बसतो ना, तशी. पायरी खाली आली, जवळजवळ गवताला टेकली. ताई, एकतीस वर्षं मी गाडीत काढली, पण गाडी माणसापुढे वाकताना पहिल्यांदा पाहिली. हवेवरच्या स्प्रिंगा असतात, त्यातली हवा सोडली की असं होतं, हे मला नंतर मुलानं सांगितलं. पण बटण दाबायला कुणी सांगितलं होतं? आम्ही तर तोंडही उघडलं नव्हतं.

ते बटण मोठंच. पण हे पत्र त्याच्यासाठी नाही.

ही चढली. मी नाण्यांची पुडी पेटीत ओतली, खुळखुळ, खुळखुळ, तुम्ही हसलात. ही सळई धरून एकेक पाऊल टाकत पुढच्या बाकाकडे निघाली. मी मनातल्या मनात तयार झालो, आता हिसका बसणार. कारण मला हिसका माहीत आहे. शेवटचं माणूस पायरीवर आलं की डबल बेल, दोरी दोनदा, टण टण, गाडी सुटली. माणूस आत कसं पोचतं ते त्याचं त्यानं पाहावं. वेळ गाठायची असते, पुढच्या स्टँडवर कंट्रोलर घड्याळ घेऊन बसलेला असतो.

हिसका बसलाच नाही. मी मागे वळून पाहिलं. तुमचा उजवा हात स्टिअरिंगवर, आणि डोळे आतल्या आरशात. आरशात ही. ही बाकापाशी पोचली, पाठ फिरवली, काठी दोन्ही हातांत धरली, हळूच टेकली, मग पदर सारखा केला. पदर सारखा होईपर्यंत तुम्ही थांबलात. मागे मोटारींची रांग लागली होती, गाडीत कुणीतरी घड्याळ बघत होतं. तुम्ही आरशातूनच म्हणालात, "टेक युवर टाइम, मामा." आणि मग गाडी निघाली, तीसुद्धा दुधाची किटली घेऊन चालल्यासारखी.

हिनं मला विचारलं, "मला मामा का म्हणाली ती?" मी म्हटलं, इकडे आईला म्हणतात तसं. ही खिडकीकडे तोंड करून बसली ती वॉकीगन येईपर्यंत.

मी मात्र तिथे नव्हतोच. मी साताऱ्याहून वडूजला चाललेल्या गाडीत होतो. सत्त्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी साल असेल. पुसेगावच्या अलीकडे एक म्हातारी चढली, डोक्यावर बोचकं, हातात पिशवी. तिचा एक पाय आत आला आणि मी डबल बेल दिली. गाडी सुटली, म्हातारी मधल्या जागेत गुडघ्यावर पडली. पिशवीत अंडी होती. पिवळं पाणी फळीवरून वाहत माझ्या बुटापर्यंत आलं. आणि मी काय म्हणालो असेन? "धरून उभं राहायला काय होतं आजी? गाडी घाण केली." तिनं पदरानं फळी पुसली हो. तिकिटाचे पैसेही दिले. मी घेतले.

ते इतकी वर्षं विसरलो होतो. तुमच्या आरशात ते पुन्हा दिसलं.

आता आमच्याकडे पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट आहे, २०२२ पासून. पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. चांगलंच आहे, मी त्याच्या बाजूनं भांडतो. पण सवलतीचा कागद मंत्रालयातून निघतो, डबल बेल मात्र कंडक्टरच्या बोटात असते. इथेही तसंच दिसतं. त्या पुस्तिकेत पानोपानी सुखसोयी होत्या आणि त्या सगळ्या खऱ्या होत्या, पण आमच्या दारापासून तिथवर पोचवणारं माणूस त्यात छापलेलं नव्हतं.

वॉकीगनला तुम्ही बोट दाखवून सांगितलंत, तिकडे जा, तळं दिसेल. गाव टेकाडावर आहे, खाली रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे मिशिगन सरोवर. १८४९ पर्यंत या गावाला 'लिटल फोर्ट' म्हणत, म्हणजे छोटा किल्ला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटलं, किल्ला दिसला नाही तरी. पुस्तिकेत न छापलेलंही दिसलं. किनाऱ्यावर कोळशाचं वीजकेंद्र आहे, २०२२ मध्ये त्यातला कोळसा बंद झाला म्हणे. पण त्याच्या पलीकडे पाणी, आणि पाण्याला पलीकडचा काठच नाही. नुसतं तळं काय म्हणता ताई याला! मुलानं हिशेब करून सांगितला, अठ्ठावन्न हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा. हिनं हात जोडले. समुद्र दिसला की ती जोडते. मी म्हटलं, अगं गोडं पाणी आहे. म्हणाली, मग तर जास्तच जोडले पाहिजेत.

बाक होता तिथे. आम्ही दीड तास बसलो. घरी निघताना ऊन होतं म्हणून पातळ स्वेटर घातलेले. तळ्याकाठी मे महिन्यातही वारा असा की हाडात शिरतो. इथले लोक हवामान सांगताना 'तळ्याजवळ थंड' असं वेगळं का सांगतात ते तेव्हा कळलं. थांब्यावर आलो तेव्हा हिचे ओठ निळे पडले होते. तुमचीच गाडी उभी होती, दार बंद, तुमच्या हातात डबा. जेवणाची वेळ. मी मुद्दाम दुसरीकडे बघत उभा राहिलो. जेवणाऱ्या ड्रायव्हरला उठवू नये, हा आमच्या खात्याचा अलिखित नियम आहे. तुम्ही डबा बाजूला ठेवलात, दार उघडलंत, गाडी पुन्हा वाकवलीत. आम्ही आत बसलो, हीटरची ऊब, आणि तुम्ही पाठमोऱ्या बसून उरलेलं खाल्लंत. कुणी काही बोललं नाही. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

त्या रात्री हिनं बॅग उघडली. स्वेटर काढायला, असं म्हणाली. काढले ते लुगडी, सुपारीचा डबा, देवांची चौकट, सगळंच, आणि रिकामी बॅग पलंगाखाली सरकवून दिली. सून माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर वाचतोय असं दाखवलं.

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही तुमच्या गाडीनं येतो. तुम्ही आता लांबूनच ओळखता. मागच्या वेळी हिनं तुम्हाला शेंगदाण्याचा लाडू दिला, तो तुम्ही खाल्लात की नाही हे ती मला अजून विचारते.

आणखी एक सांगायचं राहिलं. दर वेळी ही बाकावर टेकली, पदर सारखा झाला, की मी खिशातलं नाणं काढून सळईवर दोनदा वाजवतो, टक टक. तुम्ही एकदा आरशातून पाहिलंत आणि भुवया उंचावल्यात. म्हातारा वेडा आहे असं वाटलं असेल. तसं नाही ताई. ती डबल बेल आहे. आमच्याकडे तिचा अर्थ, सगळे बसले, गाडी जाऊ द्या.

आपला,
रिटायर्ड कंडक्टर, सातारा