पेशंटच्या देवाचं काय करायचं?

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागली होतीस. ओपीडीत निम्मे पेशंट देवाचं, दैवाचं बोलतात आणि सर म्हणतात, ते सोडून द्या, लक्षणं तेवढी लिहा. मला ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र.

विल्यम जेम्स, तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, तुला बी.ए.लाच भेटला असेल. भावनेची उपपत्ती, पाच मार्कांची टीप, की लगेच पुढचा धडा. खरं तर तुझ्या या प्रश्नात त्याने निम्मं आयुष्य घातलं. १८६९ मध्ये हार्वर्डमधून तो डॉक्टर झाला, पण दवाखाना कधी थाटला नाही. त्या सुमारास तो स्वतःच पार खचला होता. एकदा संधिप्रकाशात कपडे बदलायच्या खोलीत काहीतरी आणायला गेला आणि अचानक भीतीने त्याला घेरलं. वेड्यांच्या इस्पितळात पाहिलेला एक तरुण डोळ्यांपुढे आला: काळे केस, हिरवट कातडी, गुडघे हनुवटीला टेकवून दिवसभर बाकावर बसलेला. उद्या मीही असाच होऊ शकतो, एवढंच त्याच्या मनात. पुढे कितीतरी दिवस पोटात गोळा घेऊनच तो जागा व्हायचा. बायबलमधली वचनं घट्ट धरून ठेवली नसती तर वेडच लागलं असतं, असं त्याने लिहून ठेवलंय.

पण लिहिलं ते एका फ्रेंच माणसाच्या नावावर! अनुभव स्वतःचाच होता, हे त्याने नंतर आपल्या फ्रेंच अनुवादकाला सांगितलं. हे सगळं आलं ते त्याच्या धर्मानुभवावरच्या वीस व्याख्यानांत. ती त्याने १९०१-०२ मध्ये एडिंबरात दिली, तीही हृदयाचं दुखणं असताना. त्यात विवेकानंदांच्या राजयोगातला समाधीचा उतारासुद्धा आहे.

संत पॉलला झालेला साक्षात्कार म्हणजे निव्वळ अपस्माराचा झटका, असं म्हणणाऱ्या डॉक्टरांना त्याने तिथे चांगलंच झापलंय. अनुभव मेंदूत कुठून उगवला यावरून त्याची किंमत ठरत नाही. त्यानंतर माणूस जगतो कसा, ते बघा, असं त्याचं म्हणणं. हीच फूटपट्टी त्याने संतांनाही लावली. आईबरोबर एकट्याने जेवायला, बोलायला बसणंही टाळणाऱ्या आलोयसियस गोन्झागाचं त्याला अजिबात कौतुक नाही. भक्तीने माणूस आक्रसत असेल तर तसं सांगायलाच हवं. आपल्याकडच्या बुवाबाजीलाही हे लागू आहे, पण तो विषय इथे काढला तर पत्र संपायचं नाही.

आणि हा गृहस्थ नुसता व्यासपीठावरच बोलला नाही. क्लिफर्ड बीअर्स हा येलचा पदवीधर तीन मनोरुग्णालयांत मार खाऊन, बंधनात राहून बाहेर पडला आणि ते सगळं त्याने लिहून काढलं. अशा माणसाचं कोण ऐकणार? १९०६ मध्ये जेम्सने हस्तलिखित वाचून त्याला पत्र लिहिलं आणि १९०८ मध्ये पुस्तक आलं तेव्हा ते पत्र प्रस्तावनेत छापलं गेलं. पुढच्याच वर्षी बीअर्सने मानसिक आरोग्याची राष्ट्रीय समिती उभी केली, तिलाही जेम्सची साथ होती. श्रद्धेच्या गोष्टी आदराने ऐकणारा प्राध्यापक वेडा ठरवलेल्याचं म्हणणंही तितक्याच आदराने ऐकतो, हे मला त्याच्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा मोठं वाटतं.

तेव्हा, "माउलीने यंदा बोलावलंच नाही" म्हणणाऱ्या तुझ्या त्या पेशंट आजींना विचार, वारी कधीपासून चुकली? हरिपाठ सुटला का? की म्हणतात, पण मन लागत नाही? दिंडीतल्या बायका अजून घरी येतात का? बघ, यात झोप, भूक आणि गोतावळा सगळं आपोआप येईल. गोळ्या मात्र चालूच राहू देत. माउलीची त्याला हरकत नाही, हेही त्यांना सांग. आणि त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिही. सर नाक मुरडतील. मुरडू देत.

आईने लाडू पाठवलेत. डबा परत आण, ती रोज विचारते.

तुझा,
बाबा