कोणत्या हाताचं बोट

चि. बापू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. सोयाबीन घालून आलो, काय भाव लागला ते विचारू नकोस. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. म्हैस मंगळवारी व्याली, रेडकू नर निघालं म्हणून आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलोय. किती दिवस झाले त्याचा हिशेब आई ठेवते, मी नाही. परवा ताईचा फोन आला. घरात रेंज नव्हती, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन ऐकलं. "बापूचं बोट मशीनमध्ये आलं, सहा टाके पडलेत, तुम्ही काळजी करू नका," एवढं ऐकू आलं आणि फोन कट झाला. मी परत लावला नाही. लावला असता तर ती म्हणाली असती, अण्णा घाबरले, आणि अर्ध्या तासात तुझ्या आईला कळलं असतं. आईला मी काही सांगितलेलं नाही. तेव्हा या पत्रात बोटाबद्दल लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलोय. फक्त एवढं कळव, कोणत्या हाताचं?

असो. दिवाळीचं आधी लिहितो.

पाडव्याला तू पिशवीतून ते वाद्य काढलंस तेव्हा मला वाद्य दिसलंच नाही, डबा दिसला. आजीचा पानाचा डबा, आणि त्याच्या झाकणाला गिरमिटानं पाडलेली भोकं. माझं डोकं फिरलं. तुला ठाऊक नाही असं नाही, पण तू ते पाहिलेलं नाहीस, हा फरक आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन छप्पन्न, तो भूकंप. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकते अंग टेकून पडले होते. आपल्या जुन्या घराला खांब नव्हते, तुळया सरळ भिंतींवर टेकलेल्या. वर माळवदाची हातभर माती. दगडमातीच्या भिंती सरकल्या आणि वरचं सगळं खाली. सुतार म्हणून सांगतो, सागवानाची एक तुळई मोडली नव्हती. लाकडानं दगा दिला नाही. तिसऱ्या दिवशी जवानांनी ढिगाऱ्यातून काढून दिलं त्यात आबांचा लाकूड तासायचा वाकस होता, एक तांब्या होता आणि हा डबा. डब्यात कात, चुना, अडकित्ता जिथल्या तिथं. त्या डब्याचं तू गिटार केलंस, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, डबडं वाजवून पोट भरतंय का. तुझ्या मेहुण्यासमोर म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलास. वाद्य इथंच ठेवून गेलास. आठ दिवस ते खुंटीवर होतं, वर टॉवेल. मी हात लावला नाही. मग एका रात्री लाइट गेली, झोप येईना, म्हणून काढलं.

बापू, मी बॅटरी लावून भोकातून आत पाहिलं. झाकण आबांनी केलेलं, चांगलं पाच सूत, अर्ध्या इंचाहून जाड. असलं जाड झाकण वाजत नाही, हे तुला कळलं. तू ते आतून पटाशीनं तासून सूतभरावर आणलंस. बोटानं ठोकून पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडी सारखी. कानशीचा एक ओरखडा नाही. आणि मधे एक जागा, रुपयाएवढी, तू तशीच जाड सोडलीस. मला वाटलं आळस केला. बॅटरी आणखी आत घातली तर तिथं आबांची खूण. तीन घाव आणि एक आडवा, ते प्रत्येक कामावर आतून घालायचे ती. तेवढ्या जागेनं आवाज दबतो. दबला तर दबला, असं तू ठरवलंस.

दांडा कशाचा आहे ते मी तुला विचारलंच नव्हतं. जुन्या चौकटीचा आहे ना? खिळ्याचं भोक बुजवलेलं दिसलं. रेषा सरळ, एक गाठ नाही. डब्यातून आरपार घेतलास हे बरं केलंस, नुसता कडेला चिकटवला असता तर तारांच्या ओढीनं वर्षात वाकला असता.

मग मोजमाप घेतलं. तारांखालच्या घोडीपासून वरच्या बोल्टपर्यंत चोवीस इंच. पहिली रेघ सव्वा इंच आणि वर पाऊण सूत. पुढची त्याहून थोडी जवळ, त्यापुढची आणखी जवळ. हे काय गणित आहे ते कळेना. दांड्याच्या पाठीवर तू पेन्सिलीनं लिहिलंयस: उरलेल्या लांबीला 17.817 नं भागा. मोबाइलवर भागून पाहिलं, बारा वेळा. बारावी रेघ बरोबर बारा इंचाला यायला पाहिजे, आणि तुझी आलीय. सातवी आठ इंचाला केसभर कमी. म्हणजे तार एक तृतीयांश दाबली, तिथं पंचम. रेघा जाळून पाडल्यास, एकीचाही काटकोन चुकलेला नाही. मी चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्या, आणि सांगतो, मला हे एका दमात जमलं नसतं. हे तुला तोंडावर कधी म्हणालो नसतो.

तारा तीनच. ताईच्या पोराला विचारलं तर म्हणाला, मामा जी-डी-जी लावतो. मी छेडून पाहिलं आणि हसूच आलं. अरे, ते सा-प-सा आहे! एवढ्यासाठी इंग्रजी अक्षरं कशाला? औशाला नाथ संस्थानात चक्रीभजन ऐकायला तुला खांद्यावर घेऊन जायचो, तिथला सूर याच्यावर सरळ बसतो. तार बोटानं न दाबता काचेची नळी तिच्यावरून सरकवायची, हेही पोरानंच सांगितलं. खोकल्याच्या औषधाची बाटली कापून केलीस म्हणे. काच कापताना धार मारलीस ना नीट? ती नळी डाव्या हाताच्या बोटात घालतात. कुठल्या बोटात? टाके त्याच बोटाला नसतील ना? बघ, नाही लिहायचं म्हणून पुन्हा आलोच.

तू सांगत होतास ते मी त्या दिवशी ऐकलं नव्हतं, नंतर पोराकडून ऐकलं. अमेरिकेत 1840 च्या सुमारापासून चिरूट लहान खोक्यांत विकायला लागले, रिकामी खोकी घरोघर पडायची, आणि ज्यांना वाद्य विकत घेणं परवडत नव्हतं त्यांनी ती उचलली. त्यांच्या यादवी युद्धात सैनिकांनी छावणीत खोक्याची फिडल वाजवल्याचं जुनं चित्र आहे म्हणे. एक गोष्ट मला आवडली. ती खोकी ज्या लाकडाची, त्याला ते सीडर म्हणतात, पण ते देवदाराच्या जातीचं नाहीच, आपल्या तुणीच्या आणि कडुनिंबाच्या कुळातलं. तुणीची सतार मिरजेला होते. म्हणजे त्या गरीब लोकांच्या हाती नकळत बरं लाकूड पडलं होतं. आणि तंबाखूचाच डबा तुझ्याही हाती पडला. यावर आता भांडत नाही.

बेंजोचं मात्र आईनं भलतंच करून ठेवलंय. "मी बँजो करायलोय" असं तू फोनवर म्हणालास, तिनं ते गल्लीभर सांगितलं. आपल्याकडं बेंजो म्हणजे वरातीतला, बटणं दाबायचा. तो मूळचा जपानचा, नागोयात 1912 साली निघाला, हेही तूच सांगितलंस. पण गल्लीला काय? शेवटच्या घरातल्यांनी पोरीच्या लग्नाची तारीख सांगून ठेवलीय, तुझी पार्टी किती घेते विचारतात. मी म्हणालो, कळवतो.

तुझ्या बँजोचा फोटो पाहिला. चाळणीचं कडं आणि वर बकऱ्याचं कातडं. भोपळ्यावर कातडं ताणून, दांडा घालून वाजवणं हे आफ्रिकेतल्या लोकांनी गुलाम म्हणून जाताना सोबत नेलं, असं पोरगं वाचून दाखवत होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढं आपला गोंधळी उभा राहिला. तुळजापूरकडचा एक म्हातारा दर नवरात्राच्या आधी आबांकडं तुणतुणं घेऊन यायचा. ते तुझ्या बँजोचं चुलत भावंडच. लाकडी नळकांडं, खालचं तोंड कातड्यानं मढवलेलं, बाजूला काठी, वर खुंटी, एकच तार. तार कातड्याच्या मधोमध भोकातून खाली जाते. नुसती गाठ मारली तर ती महिन्याभरात कातडं कापत वर येते. म्हणून आबा खालून चामड्याची चकती घालायचे, जुन्या चपलेची. कातडं रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी ओलं असतानाच ताणून बांधायचं, आणि सावलीत वाळवायचं. मी सात-आठ वर्षांचा असेन, घाई म्हणून उन्हात नेऊन ठेवलं, दुपारी फट्‌ करून फाटलं. आबांनी मला मारलं नाही. म्हाताऱ्याला दुसरं कातडं मिळेपर्यंत चार दिवस आपल्या ओसरीवर ठेवून घेतलं. रात्री तो संबळाशिवाय नुसतं तुणतुणं वाजवत देवीआईची गाणी म्हणायचा, आणि आजी दारात बसून पान लावायची. याच डब्यातून.

तुझं कातडं पुण्याच्या पावसात सैल पडत असणार. पडणारच. वाजवायच्या आधी जरा शेक दे, दुरून. त्याला घोडी मधोमध नको, थोडी मागं ठेव. आणि कातड्याला खिळे मारलेत ते पितळी घ्यायचे होते, लोखंडी गंजतात आणि तिथूनच कातडं सडतं.

आता बोटाचं लिहितोच. टाळून टाळून पान संपत आलं.

माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट उंदरानं नेलं असं तुम्हा दोघांना सांगत होतो. ताई आठवीपर्यंत खरं मानत होती. तुम्हाला खरं कळलं तरी मी कधी नीट सांगितलं नाही. 1995 साली नव्या वसाहतीच्या चौकटी करायचं काम होतं, शेकड्यानं. एका मिलमध्ये रात्रपाळीला होतो. फळी ओली होती, पात्याला चिकटली आणि उलटी आली. दुखलं नाही. एवढंच आठवतं, की दुखलं नाही, आणि मी खाली बघायला लागलो. त्याआधी मी भजनात पेटी वाजवायचो. नंतर वाजवली नाही. भाता त्याच हातानं हलवायचा, त्याला बोट लागत नाही, म्हणजे वाजवता आली असती. लोक म्हणायचे वाजवा. पण पेटीसमोर बसलं की तो हात समोर यायचा. आता ते जाऊ दे.

म्हणून सांगतो, कटर चालवताना फळी हातानं ढकलायची नाही, काठीनं ढकलायची. हातमोजे घालायचे नाहीत, कापड पात्यात ओढलं जातं आणि हात मागोमाग जातो. ओलं लाकूड घ्यायचं नाही. पात्याच्या रेषेत स्वतः उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं लावायचं नाही, कुणीही कितीही सोपं म्हणालं तरी. झोप झालेली नसताना मशीनच लावायचं नाही. नोकरी करून रात्री हे करतोस ना? का सुट्टी टाकलीयस? का सोडलीस? नाही विचारत. ताई सांगत नाही म्हणजे काहीतरी आहे, पण नाही विचारत. हाताच्या करवतीनं कापलं तर काय बिघडतं? अर्धा तास जास्त लागेल. घाई कुणाला आहे?

भाषण झालं. माफ कर. तू बत्तीस पानं वाचून मशीन घेतलंस आणि मी तुला फळी ढकलायला शिकवतोय.

ताईच्या पोरानं मला धीर द्यायला एक नाव सांगितलं, जँगो राइनहार्ट. फ्रान्समधला गिटारवाला. 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं आखडलं. तरी उरलेल्या दोन बोटांनी असा वाजवायचा की लोक अजून शिकतात. पोरगं भोळं आहे. मी त्याला म्हणालो, बाळा, लाखात एक असतो असा. ते म्हणालं, मामा पण आहे. मी गप्प बसलो.

रात्री पडल्या पडल्या मी हिशेब करतो. उजवा असेल तर छेडायला अंगठा आणि एक बोट पुरतं. डावा असेल आणि करंगळी असेल तर नळी घालता येईल, तिला वाकावं लागत नाही. डाव्याचं मधलं असेल तर कठीण. अंगठ्याचा विचार मी करत नाही. पटाशी धरायला अंगठा लागतो.

यातलं कुठलंतरी असेल. तेवढं कळव. नुसतं "डावा" किंवा "उजवा" असा एक शब्द पाठवलास तरी चालेल. फोन उचलला नाहीस तरी चालेल.

वाद्य खुंटीवर आहे. मधली तार उतरलीय, चढवली नाही, तुटली तर इथं मिळत नाही. पार्सलनं पाठवायचं म्हणालो तर आई म्हणते, न्यायला तोच येईल.

तुझे,
अण्णा

ता. क. टाके पाण्यात भिजवू नकोस. आणि हे पत्र आईसमोर फोनवर वाचून दाखवू नकोस, तिला वाटतंय मी रेडकाबद्दल लिहायलोय.