दीडशे माणसं आणि बारा आमदार

झुरिक, रविवार

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

विधान परिषदेच्या निवडणुकीत नगरसेवकांना सहलीला नेतात, त्यावर तू चिडून लिहिलंस. पत्र खिशात होतं तेव्हाच मी बसने फाडुत्सला जाऊन आलो. लिश्टेनश्टाइनची ही राजधानी आपल्या तालुक्याच्या गावाहूनही लहान. अख्खा देशच 160 चौरस किलोमीटरचा, एका बाजूला ऱ्हाइन नदी. इथे मतदार पळवायचे ठरवले तर थोडं पुढे नेताच ते परदेशात!

पण तुला सांगायचंय ते 1862 सालचं. त्या सप्टेंबरात राजे योहान दुसरे यांनी राज्यघटना दिली. हे राजे बहुतेक काळ व्हिएन्नाकडे किंवा मोरावियातल्या आपल्या जहागिरीत. इथला कारभार त्यांचा नेमलेला प्रशासक बघे. नव्या सभेला, म्हणजे लांडटागला, 15 सभासद. तीन राजा स्वतः नेमणार, उरलेले 12 लोकांनी निवडायचे. पण थेट नाही हं. गावकऱ्यांनी दर शंभर वस्तीमागे दोन माणसं निवडायची आणि त्या माणसांनी आमदार ठरवायचे. वस्ती सात-साडेसात हजार, तेव्हा ही निवडणारी मंडळी दीडशेच्या आसपास. एका लग्नाच्या पंगतीइतकी! अर्थात सगळे पुरुष. बायकांना मत मिळालं 1984 मध्ये, ते वाचून मी तिथली माहितीची पाटी पुन्हा वाचली.

पहिली बैठक 29 डिसेंबर 1862 रोजी भरली. अध्यक्ष झाले डॉक्टर कार्ल शेडलर. हे गृहस्थ युरोपातल्या 1848 च्या क्रांत्यांच्या धामधुमीनंतर फ्रँकफुर्टच्या जर्मन संसदेत बसून आलेले. पक्ष नव्हतेच; ते आले थेट 1918 मध्ये, थेट मतदानाबरोबरच. तोवर कोण कुणाचा हे गावाला पाठ असणार, त्याला चिन्ह कशाला लागतंय?

खरी गंमत 1877 ची. देशाचे दोन भाग, वरचा ओबरलांड आणि खालचा उंटरलांड. चलन ऑस्ट्रियाचं, चांदीचं. चांदी घसरली म्हणून सभेने सोन्याचा हिशेब आणला. उंटरलांडच्या शेतकऱ्याच्या हाती यायचा तो स्वस्त झालेला गुल्डन, म्हणजे तेच चांदीचं नाणं, देणी मात्र सोन्याच्या भावाने. माणसं भडकली आणि जानेवारीत फाडुत्सवर चालून आली. आपली बाजू सभेत कुणी मांडत नाही, हे त्यांचं मूळ दुखणं. कायदा मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी नियमच बदलले: ओबरलांडचे सात, उंटरलांडचे पाच, आणि आपापल्या भागाच्या निवडणाऱ्यांनीच ते पाठवायचे. राजाचे तिघे मात्र तसेच राहिले.

मला सोन्याचांदीपेक्षा ती पायपीट आवडली. दीडशे मधल्या माणसांतून आपला आवाज पोचेना, तेव्हा लोकांनी मधली माणसं वगळली. तू म्हणशील, मग आपण काय, मंत्रालयावर चालत जायचं? तुझे गुडघे बघता नको.

वहिनींना नमस्कार. शेवयांचं पाकीट मिळालं, कस्टमवाल्याने दोनदा उघडून बघितलं. पुढच्या वेळी कुर्डया पाठव, त्या त्याला अजिबात कळणार नाहीत.

तुझा,
विनू