1 जुलै 2020 च्या आधी कॅन्सर झालेल्यांनी काय करायचं होतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात इथल्याच एका दवाखान्यात नंबर लावून बसले होते, शेजारी एक बाई सारखी खोकत होती, तोंडाला रुमाल पण नाही. मी पर्समधला मास्क काढून दिला तर म्हणते, ओ ताई आता कुठला कोरोना, तो गेला की कधीच. तिचं तरी काय चुकलं, जागतिक आरोग्य संघटनेनेच 5 मे 2023 ला आणीबाणी संपली म्हणून सांगितलं. पण घरी आल्यावर मला ते दिवस परत आठवायला लागले आणि वाटलं की कॅन्सर होऊन गेलेल्यांचे कोरोनात जे हाल झाले ते पुढची साथ यायच्या आत कुणीतरी लिहिलं पाहिजे, म्हणून लिहितेय.

मला 2017 ला डाव्या बाजूच्या ब्रेस्टचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, त्यातल्या पहिल्या चार लाल सलाईनच्या, मग रेडिएशन. सोलापूरहून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला सत्तरेक किलोमीटर एसटीने जाऊन येऊन सगळं केलं. 2018 ला ट्रीटमेंट संपली, घरच्यांनी पेढे वाटले, सगळे म्हणाले सुटलीस. मी पण तसंच धरून चालले होते.

लाल सलाईन म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन, ते हृदयाला लागू शकतं आणि त्याचा परिणाम कधी कधी कित्येक वर्षांनी दिसतो. डाव्या बाजूला रेडिएशन दिलं की फुप्फुसाचा वरचा भाग थोडाफार कडक होऊ शकतो. लिम्फोमा म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार, त्यातल्या काहींना ब्लिओमायसिन देतात, ते तर थेट फुप्फुसावर जातं. म्हणजे न्यूमोनियासारखा आजार आला की धडधाकट माणसाकडे हृदयाफुप्फुसाची जी ताकद शिल्लक असते ती आमच्यातल्या काहींकडे आधीच कमी झालेली असते. सगळ्यांकडे नाही, हे पण सांगते, उगीच कुणी घाबरू नका. ज्यांची ट्रीटमेंट संपून बरीच वर्षं झाली त्यांना धोका पुष्कळ कमी असतो. जास्त धोका चालू केमोवाल्यांना आणि रक्ताच्या कॅन्सरवाल्यांना. पण नेमका कुणाला किती, हे ज्याच्या त्याच्या फाईलमध्ये असतं आणि ती फाईल साथीच्या वेळेला कुणी उघडत नाही, माझं दुखणं तिथंच आहे.

मार्च 2021 ला सामान्य लोकांसाठी लस सुरू झाली. 60 च्या पुढचे सगळे आणि 45 ते 59 मधले आजारवाले असा नियम होता. मी 48 ची. आजारांची 20 नावांची यादी होती, मला वाटलं आपला नंबर नक्की लागणार. यादीत ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा हे रक्ताचे कॅन्सर होते, पण बाकी गाठीच्या कॅन्सरला अट अशी की निदान 1 जुलै 2020 ला किंवा त्यानंतर झालेलं पाहिजे नाहीतर सध्या ट्रीटमेंट चालू पाहिजे. हृदयाचं पंपिंग 40 टक्क्यांच्या खाली असेल तर चालत होतं, माझं इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) 50. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, दोनदा यादी वाचून बघितली आणि म्हणाला काकू तुम्ही तर बऱ्या झालाय की. 1 एप्रिलला 45 च्या पुढच्या सगळ्यांनाच सुरू झालं म्हणून माझा एकच महिना गेला, पण तो महिना दुसऱ्या लाटेच्या तोंडावरचा होता, आणि आमच्या पूर्व भागात तर घराला घर लागून, एका नळाला चार घरं. बरं, ज्यांचं वय 45 च्या आत होतं त्यांना तर कॅन्सर कधीचाही असो, मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं.

लस घेताना आणखी एक गोष्ट. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सुई टोचायची नाही, बीपीचा पट्टा लावायचा नाही असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, हात सुजतो म्हणून. तिथं सगळ्यांना डाव्याच हाताला टोचत होते, मी उजवा पुढे केला तर सिस्टर चिडल्या, रांग थांबतीय म्हणाल्या. आणि लस घेतल्यावर त्या बाजूच्या काखेत काही दिवस गाठ येऊ शकते हे कुणीच सांगितलं नाही. माझ्या उजव्या काखेत आली. ज्या बाईला एकदा कॅन्सर होऊन गेलाय तिला काखेत गाठ लागली की तिचं काय होतं हे लिहून सांगता येत नाही. तीन रात्री मी झोपले नाही. नंतर कळलं की हे नेहमीचं आहे, आपोआप जातं, आणि मॅमोग्राफी म्हणजे ब्रेस्टचा एक्स-रे लसीच्या आधी तरी करावा नाहीतर चार ते सहा आठवडे थांबून करावा असं तेव्हा सांगत होते. हे दोन ओळीत सांगता आलं असतं की.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, लूमवर होते, तंबाखूने घशाचा कॅन्सर झाला, स्वरयंत्र काढलं. ते गळ्याला असलेल्या छिद्रातून श्वास घेतात. त्यांना रस्त्यात अडवून मास्क लाव मास्क लाव म्हणायचे, आणि ते बिचारे तोंडाला मास्क लावून फिरायचे, ज्या वाटेने श्वास जातो ती वाट उघडीच! त्यांना गळ्यावर झाकण पाहिजे होतं, आणि टेस्ट करताना नाकाबरोबर गळ्यातल्या छिद्रातून पण सॅम्पल घ्यायला पाहिजे होतं. तोंडाच्या कॅन्सरवाल्यांपैकी कित्येकांचं तर तोंडच उघडत नाही, त्यांचा घशातला स्वॅब कसा घेणार. मावा, गुटखा, तंबाखू आपल्याकडे किती चालते ते तुम्हाला माहीत आहे, अशी माणसं सोलापुरात गल्लोगल्ली निघतील.

रक्ताच्या कॅन्सरचं वेगळंच. माझ्या मावससासूला लिम्फोमा, रिटक्सिमॅबचे डोस चालू होते. ते औषध ज्या पेशी पुढे अँटिबॉडी बनवणार असतात त्यांनाच मारतं, डोस थांबल्यावर सहा महिने आणि जास्त पण परिणाम राहतो, त्यामुळे लस घेऊन पण त्यांच्या अंगात ताकद फारशी येत नाही. त्यांना कोरोना झाला तर तो सहा आठवडे गेलाच नाही. घरच्यांना वाटायचं लसीचे दोन डोस झालेत, आता काय. अशा वेळेला घरातल्या बाकीच्यांनी लस घ्यायची, सर्दी झालेल्यांनी लांब राहायचं, तेवढंच हातात असतं.

आणि तपासण्या थांबल्या ते तर कुणी मोजतच नाही असं वाटायचं, पण मोजलंय. देशातल्या 41 कॅन्सर सेंटरची मार्च ते मे 2020 ची आकडेवारी लॅन्सेट ऑन्कॉलॉजीमध्ये आली होती, आदल्या वर्षीपेक्षा नवीन पेशंट 54 टक्क्यांनी कमी, फॉलोअपचे 46 टक्क्यांनी कमी. त्या कमी झालेल्यात मी पण आहे. माझा एप्रिलचा फॉलोअप ऑक्टोबरला झाला, एसटी बंद, गाडीवाला मागेल ते पैसे, ई-पास काढायला मुलाचे दोन दिवस. माझं नशीब की काही निघालं नाही.

म्हणून महापालिकेला, सिव्हिलला, सगळ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना हात जोडून विनंती. ट्रीटमेंट संपताना आम्हाला जाडजूड फाईल देता, तिच्यावर मराठीत एक कागद लावा, कुठली केमो, किती, रेडिएशन कुठल्या बाजूला, गाठी कुठल्या काढल्या, प्लीहा काढली का, हृदयाची तपासणी कधी. तो मी घडी करून आधार कार्डाबरोबर ठेवीन. आशाताईंच्या वहीत बीपी शुगरवाल्यांसारखा कॅन्सर होऊन गेलेल्यांचा पण रकाना करा, पुढच्या वेळी तारखेच्या अटीवर आम्हाला बाहेर काढू नका. दवाखान्यात खोकणाऱ्याला दारातच मास्क द्या, कोरोना असो नसो. फ्लूची वर्षाला एक आणि न्यूमोनियाची लस आमच्यासाठी चांगली असते हे मला ट्रीटमेंट संपून चार वर्षांनी कळलं, ते पण दुसऱ्या पेशंटकडून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. केमो चालू असताना 100.4 च्या वर ताप आला तर ती इमर्जन्सी असते, पांढऱ्या पेशी कमी असल्या तर काही तासात माणूस हातचा जातो, लगेच अँटिबायोटिकची सलाईन लागते. 2020 ला ताप म्हटलं की आधी स्वॅब, मग रिपोर्ट येईपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर. माझ्याबरोबर केमो घेतलेल्या एका अक्काची केमो तेव्हा परत सुरू झाली होती, ती ताप घेऊन तशी बसली होती एका ठिकाणी, सकाळी दहा ते रात्री आठ. टेस्ट करा, पण सलाईन लावून करा. आणि पेशंटच्या घरच्यांनो, दारात गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच बोला, केमो चालू आहे आणि ताप आहे.

संपादक साहेब, पत्र मोठं झालंय, जागा नसेल तर माझं बाकीचं कापा, पण हा 100.4 चा भाग कापू नका.

आपली एक वाचक,
पूर्व भाग, सोलापूर