बाजा मोडीत घालू नका

हडर्सफील्ड, इंग्लंड
१६ जून

तीर्थरूप आप्पा आणि माय यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. दर रविवारी फोन होतोच. पण फोनवर आप्पा "बरं, बरं" म्हणतात आणि दोन मिनिटांत फोन मायच्या हातात देतात. मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही. दादानं रात्री जेवणं झाल्यावर हे मोठ्यानं वाचून दाखवावं. मधलं काही गाळू नये.

मोंढ्यातल्या खोलीचं भाडं झेपेना म्हणून आप्पा पेटीतले आपल्या वरातीच्या बँडाचे बाजे मोडीत घालायला निघालेत, असं दादा म्हणाला. पितळेला भाव बरा आहे म्हणे. आप्पा, जरा दम धरा. आधी माझं ऐका, मग काय ते करा.

मागच्या हिवाळ्यात मी ड्यूटीवरून घरी चालले होते. चार वाजताच अंधार पडतो इथं. एका जुनाट दगडी हॉलमधून एकच लांब सूर आला. चढ नाही, उतार नाही, नुसता धरून ठेवलेला. तुम्ही पहाटे अंगणात चूळ भरून झाली की तोंड कमावायला धरायचात, तसाच. माझे पाय तिथंच थांबले. आत डोकावले तर पंचवीस-सव्वीस माणसं अर्धगोल करून खुर्च्यांवर बसलेली, समोर कागद, मांडीवर चांदीच्या पाण्याचे बाजे. पेन्शनीतले म्हातारे, शाळेतल्या पोरी, एक नळदुरुस्तीवाला, आमच्या हॉस्पिटलातला एक पोर्टर. दारात उभी राहू नको, आत ये म्हणाले. चहा दिला.

यांच्या बँडात क्लॅरनेट नाही. सॅक्सोफोन नाही. ट्रंपेटसुद्धा नाही, त्याच्या जागी कॉर्नेट. मग फ्लूगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि मागं भिंतीसारखे चार मोठे बास. बाकी ढोल-झांजा. सगळं तोंडानं फुंकायचं पितळ, त्यामुळं आवाज आपल्या बँडासारखा कानात शिरत नाही. सायीसारखा पसरतो. खरं सांगू? पहिल्या दिवशी मला तो थोडा मिळमिळीत वाटला. आपल्या क्लॅरनेटची किंचाळी नसली की वरात निघाल्यासारखं वाटत नाही. आता कान बसला.

मायला हे पटायचं नाही, पण ही माणसं वाजवायचे पैसे घेत नाहीत. उलट दर महिन्याला वर्गणी भरतात. "मग खातात काय?" असं तू विचारशील. दिवसा नोकऱ्या करतात आणि आठवड्यातून दोनदा रात्री येऊन वाजवतात. सुपारी, इसार, उरलेल्या पैशांसाठी वधुपित्याच्या दारात हेलपाटे, यातलं काही नाही. आपल्या बँडातल्या पोरांना हे सांगितलं तर म्हणतील, ही पोटं भरलेल्यांची हौस.

पण हे बँड भरल्या पोटांनी काढलेले नाहीत. इथून जवळच क्वीन्सबरी म्हणून टेकडीवर गाव आहे. तिथल्या लोकरीच्या गिरणीतल्या कामगारांचा ब्लॅक डाइक बँड १८५५ पासूनचा. तो अजून वाजतोय आणि देशातल्या पहिल्या चार-दोन बँडांत गणला जातो. बार्न्सलीकडं ग्राइमथॉर्प इथं कोळशाच्या खाणीचा बँड १९१७ साली निघाला. १९९२ च्या ऑक्टोबरात ती खाण बंद करायचं सरकारनं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात या बँडानं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी खाण बंद पडली. बँड राहिला. आप्पा, खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून तुम्ही बँड मोडायला निघालात. त्यांच्या पायाखालची खाणच गेली होती.

आणि बाजा गिरणीत पोचला कसा, तर आपल्याकडं पोचला तसाच, पलटणीतून. आजोबा सांगायचे ना, अंबाजोगाई म्हणजे तेव्हाचं मोमिनाबाद, तिथं निजामाच्या मुलखातल्या कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती, आणि पणजोबा तिथं घोड्यांची चाकरी करता करता बिगूल ऐकत उभे राहायचे. मी ती गोष्ट अर्धी खरी मानायचे. आता पूर्ण मानते. जगात जिथं जिथं हे पितळ पोचलंय तिथं बहुतेक ठिकाणी ते सैन्याच्या मागं चालत गेलंय, आणि सैन्य गेल्यावर गावातल्या खालच्या आळीनं ते उचललंय.

हो, आणि मी शिकतेय. लपवून ठेवलं होतं. बँडानं मला टेनर हॉर्न फुकट वापरायला दिलाय, पोटाशी उभा धरायचा, तुमच्या युफोनियमचं धाकटं भावंड. आप्पा, तुम्ही म्हणायचात की पोरीच्या जातीनं फुंकू नये, ओठ सुजतात, मग सोयरीक कोण करील. ओठ अजून आहेत तेवढेच आहेत. इथंही पूर्वी बँड म्हणजे बाप्यांचंच काम होतं. आता माझ्या शेजारी चौदा वर्षांची पोर बसते आणि मला चुका दाखवते.

शिकताना पहिल्यांदा कळलं की तीन पिस्टन करतात काय. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिला दाबला की एका स्वरानं, तिसरा दाबला की दीड. आत नळीचा जादा तुकडा जोडला जातो आणि हवेची वाट लांबते, एवढंच. तुमच्या बोटांना हे चाळीस वर्षं माहीत आहे, मला आधी कागदावर समजलं. १८१८ मध्ये प्रशियातल्या, म्हणजे आताच्या जर्मनीकडच्या, दोघांनी या युक्तीचं पेटंट घेतलं. त्याआधी बहुतेक शिंगं आपल्या तुतारीसारखीच होती, ओठ आवळून जे सूर निघतील तेवढेच. पुढं अडॉल्फ सॅक्स या बेल्जियमच्या वाद्यं घडवणाऱ्यानं लहानापासून मोठ्यापर्यंत एका घडणीचे बाजे काढले. त्यांची बोटं सारखीच, म्हणून कॉर्नेटवाला आजारी पडला तर हॉर्नवाला त्याच्या जागी बसू शकतो. गिरणी कामगाराला दिवसभर राबून रात्री शिकायला हे सोपं पडलं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या शुक्रवारी व्हिट फ्रायडे होता, म्हणजे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरचा शुक्रवार. हडर्सफील्डहून रेल्वेनं ग्रीनफील्डला उतरायचं, पुढं सॅडलवर्थची डोंगरातली गावं, डेल्फ, डॉबक्रॉस, अपरमिल, डिगल. एकेक गाव आपल्या वाडीएवढं. १८८४ पासून या दिवशी इथं बँडांच्या स्पर्धा होतात. सकाळी चर्चची मिरवणूक, निशाणं, नवे कपडे घातलेली पोरं, पुढं बँड. दुपारनंतर स्पर्धा. बँड बसमधून एका गावाहून दुसऱ्या गावाला पळत असतात. उतरायचं, रस्त्यानं वाजवत यायचं, मग एका जागी थांबून एक मार्च, म्हणजे कवायतीच्या ठेक्याची चाल, वाजवायचा, की पुन्हा बसमध्ये. रात्रीपर्यंत हेच. भर लग्नतिथीला तुम्ही एका दिवसात तीन वराती उरकायचात, त्याचीच आठवण झाली.

डॉबक्रॉसच्या चौकात मी गर्दीत उभी होते. परीक्षक कुठं दिसेना. शेजारच्या बाईंना विचारलं तर त्यांनी बोट दाखवलं. तो आत होता, खिडक्यांना पडदे लावून. बाहेर कुठला बँड उभा आहे, नावाजलेला की शाळकरी पोरांचा, कोणत्या गावचा, कोणत्या रंगाचा, हे त्याला मुद्दाम कळू देत नाहीत. तो फक्त ऐकतो आणि कागदावर लिहितो.

आप्पा, मला तिथं केजजवळचं ते लग्न आठवलं. मी नऊ वर्षांची असेन. हट्टानं तुमच्याबरोबर आले होते. परण्या मारुतीला नेऊन आणला, मांडवात अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि उठल्या. आपण गोठ्याशेजारी वाट बघत होतो. शेवटी कुणीतरी येऊन तुम्हाला आधी आडनाव विचारलं आणि मग पत्रावळी लांबूनच ठेवल्या. त्या दिवशी तुम्ही काय वाजवलं होतंत ते मला आजही म्हणून दाखवता येईल. तिथल्या एकालाही आठवत नसणार. त्या पडद्याकडं बघत मी बराच वेळ उभी राहिले. पुढचे दोन बँड मी नीट ऐकलेच नाहीत.

रात्री जागून आता मी जगभरचे बँड बघत असते. सर्बियात गुचा नावाच्या लहानशा गावात १९६१ पासून बँडांची जत्रा भरते. त्यांचा वेग ऐकाल तर तुमचा ताशेवाला हात जोडील. खूश झालेला माणूस नोट काढतो आणि वाजवणाऱ्याच्या घामेजल्या कपाळावर चिकटवतो. आपल्याकडं ओवाळून टाकतात, आणि खाली पडलेली वाकून उचलावी लागते. तिथले नि रोमानियातले कितीतरी चांगले वाजवणारे रोमा लोक आहेत. रोमानियातल्या झेचे प्रजिन या खेड्यातला फानफारे चोकर्लिया हा बँड असाच, गावातले सगळे कानानं शिकलेले, तुमच्यासारखे. रोमा लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच देशातून गेले. पाण्याला ते अजून पानी म्हणतात, नाकाला नाख. आणि वस्ती त्यांचीही पुष्कळदा गावाबाहेरच.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला काळ्या लोकांचे बँड प्रेतयात्रेत वाजवतात. जाताना सावकाश, रडवणारं. माती देऊन झाली की एकदम उडती चाल धरतात, आणि मागून चालणारे छत्र्या-रुमाल नाचवत परततात. आजोबांच्या वेळी तुम्ही बँड लावला तेव्हा चार नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, त्यांना हे दाखवा. बोलिव्हियातलं ओरुरो तर ३,७०० मीटर उंचीवर आहे. तिथं मला जिना चढवणार नाही, आणि ते लोक कार्निव्हलात मैलोन्‌मैल बास फुंकत चालतात.

तर आप्पा, डीजेपुढं आपलं चालत नाही हे मला मान्य आहे. भिंती हादरवायच्या असतील तर त्याचंच काम. साइड ड्रम, फुटका ट्रॉम्बोन, ते दोन काळे पडलेले ट्रंपेट विकायचे तर विका. पण युफोनियम ठेवा. मेरठच्या जली कोठीतून तुम्ही तो आणलात तेव्हाची पावती अजून मायच्या ट्रंकेत असेल. खोलीचे तीन महिन्यांचे पैसे मी दादाच्या खात्यावर टाकलेत, त्यावरून भांडू नका.

माय, चिंचेनं घासायचं काम तुझं. बाहेरूनच घास. आत चिंचेचं पाणी जाऊ देऊ नको, पिस्टन धरतात.

आणि आप्पा, एक अडचण आहे. माझ्या हॉर्नचा मधला पिस्टन थंडीत वर यायला वेळ लावतो. इथं त्याला वेगळं पातळ तेल मिळतं, ते घातलं तरी तेच. तुमचा अडकायचा तेव्हा तुम्ही टोपण काढून स्प्रिंग थोडी ताणायचात, का आणखी काही करायचात? मला धूसर आठवतंय. रविवारी फोन लगेच मायकडं देऊ नका. युफोनियम जवळ घेऊन बसा आणि दादाला व्हिडिओ लावायला सांगा.

तुमची,
धाकटी