‘बॉलिवूड’ या शब्दाविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेखमालेचा मसुदा वाचला. मजकूर सुरेख उतरला आहे. पण ‘बॉलिवूडची शंभर वर्षे’ हा मथळा तू बदलावास, असे मला मनापासून वाटते.

‘बॉम्बे’ आणि ‘हॉलिवूड’ या दोन नावांची सांगड घालून घडवलेला हा शब्द १९७० च्या दशकात इंग्रजी पत्रकारितेत रुळला. मुंबईत एकवटलेला हिंदी भाषेतला व्यावसायिक चित्रपट, एवढाच त्याचा नेमका अर्थ. हॉलिवूड हा लॉस एंजेलिसचा एक भाग आहे. बॉलिवूड मात्र कोणत्याही नकाशावर सापडत नाही. असे शब्द घडवण्याची हौस तशी जुनी. कोलकात्याच्या टॉलिगंज भागातल्या स्टुडिओंना अमेरिकी तंत्रज्ञ विल्फर्ड डेमिंग याने १९३२ मध्येच ‘टॉलिवूड’ म्हटले होते, आणि आज तोच शब्द तेलुगू चित्रपटासाठीही सर्रास वापरला जातो.

तुझी मालिका ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून सुरू होते. तो मूकपट, ज्या चित्रपटातली पात्रे कोणतीच भाषा बोलत नाहीत, त्याला हिंदी चित्रपटसृष्टीचे नाव कोणत्या आधाराने द्यायचे? ‘आलम आरा’ने १९३१ मध्ये पडद्याला वाचा दिली, तेव्हापासूनचा हिंदी बोलपट या नावाखाली घालायचा म्हटले तरी पुढे प्रभात फिल्म कंपनी आडवी येतेच. तिचा कोल्हापुरात तयार झालेला ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. कंपनी पुण्यात आल्यावर १९३७ मध्ये शांतारामबापूंनी ‘कुंकू’ केला, त्याचेच हिंदी रूप म्हणजे ‘दुनिया न माने’: दिग्दर्शक तेच, नायिका शांता आपटे त्याच, कथाही तीच, फक्त संवादांची भाषा वेगळी. आता यातला एक बॉलिवूडचा आणि दुसरा प्रादेशिक, अशी वाटणी कोणी केली, तर ती कलावंतांवर अन्याय करणारी आहे, आणि पुण्यातल्या स्टुडिओला मुंबईच्या नावाखाली नेणे तर सरळसरळ चूक आहे.

तुझ्या तिसऱ्या भागात ‘पथेर पांचाली’ही आहे. सत्यजित राय यांचा १९५५ चा हा बंगाली चित्रपट बॉलिवूडच्या मथळ्याखाली छापलेला पाहून मला खरोखर वाईट वाटले.

हा शब्द टाकाऊ आहे, असे माझे म्हणणे नाही. १९९० नंतरचा हिंदी चित्रपट, त्याचे परदेशातले वितरण, परदेशस्थ भारतीयांत त्याला लाभलेला प्रेक्षक, गाण्यांचा आणि ताऱ्यांचा पसारा, यांविषयी लिहिताना तो अचूक बसतो, कारण तोवर त्या व्यवसायातल्या बहुतेकांनीही तो स्वीकारलेला होता. अर्थात अमिताभ बच्चन यांच्यासारख्या ज्येष्ठ कलावंताने आपल्याला तो रुचत नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे, हेही तुझ्या वाचकाला कळायला हवे. तेव्हा शेवटच्या दोन भागांत तो शब्द खुशाल ठेव. त्याआधी मात्र ‘हिंदी चित्रपट’, ‘मराठी बोलपट’, ‘बंगाली चित्रपट’ असे ज्याचे त्याला म्हण आणि मालिकेला ‘भारतीय चित्रपटाची शंभर वर्षे’ असे नाव दे. प्रभातवरच्या परिच्छेदातले ‘बॉलिवूडचा पुण्यातील स्टुडिओ’ हे शब्द तेवढे छपाईपूर्वी आठवणीने काढ. सुधारलेला मसुदा पाठवलास, तर मी पुन्हा बारकाईने वाचून देईन.

तुझा स्नेहांकित,
मित्र